नीरेचें पाणी, त्यांतील गाळ आणि कालव्याचें दप्तर

फलटण हें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे तें नाईक निंबाळकरांच्या घराण्यामुळें, श्रीशिवछत्रपतींच्या राणी सईबाई ह्यांच्या माहेरामुळें, आणि महानुभाव पंथाच्या तेथील स्थानांमुळें. ह्या तिन्ही अंगांनीं त्या नगरीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. परंतु गेल्या शंभर वर्षांत ज्या एका गोष्टीनें ह्या तालुक्याचें रूप पालटलें ती म्हणजे नीरेचा उजवा कालवा; आणि त्या कालव्याचे कागद मात्र संशोधकांच्या दृष्टीच्या बाहेर राहिले आहेत. सनदा, वतनपत्रें, महजर व बखरी ह्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस गाळ काढल्याच्या हिशेबाची वही हें ऐतिहासिक साधन वाटत नाहीं. तें तसें आहे, इतकेंच नव्हे तर एका अगदीं अर्वाचीन शास्त्राला त्यावांचून खात्रीचें पाऊल टाकतां येत नाहीं, हें दाखविण्याचा आम्हीं येथें प्रयत्न केला आहे.

तें शास्त्र म्हणजे वाहत्या पाण्याबरोबर जाणाऱ्या घन कणांचा मार्ग गणितानें काढण्याचें शास्त्र होय. नदीच्या पुरांत पाणी, हवा आणि माती हीं तीन भिन्न अवस्थांतील द्रव्यें एकत्र धांवत असतात. त्यांपैकीं वाळूचा एखादा कण कोठें उचलला जाईल, किती अंतर तरंगेल आणि अखेर कोठें बसेल, हें आज संगणकावर मांडून पाहतां येतें. विषय यंत्रविद्येचा दिसतो. पण त्याचें मूळ जुनें आहे आणि त्याची एक शाखा आपल्या नीरेच्या कांठाशीं येऊन भिडते.

१. निवळीपासून कात्रजपर्यंत

गढूळ पाणी निवळावें कसें हा प्रश्न आपल्या पूर्वजांस नवा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, द्रवद्रव्यांचा विचार ज्या अध्यायांत आला आहे तेथें, पाण्याचा गढूळपणा घालविणाऱ्या सात वस्तूंची गणना केली आहे. तींत कतक म्हणजे आपली निवळी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गल नांवाच्या अध्यायांत बिघडलेल्या विहिरीच्या पाण्यांत अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा इत्यादिकांबरोबर कतकाचें चूर्ण टाकण्यास सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत हाच कतक नीतिबोधाच्या दृष्टान्तास आला असून, त्या झाडाचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी स्वच्छ होत नाहीं, असा त्या श्लोकाचा आशय आहे. स्मृतिकारानें ज्या गोष्टीचा दृष्टान्त द्यावा ती गोष्ट त्या काळीं घरोघरीं माहीत असलीच पाहिजे.

निवळी सहाणेवर उगाळून घागरींत फिरविली असतां पाणी कां निवळतें ह्याचें उत्तर आतां मिळालें आहे. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर एकाच जातीचा विद्युद्भार असतो, म्हणून ते परस्परांस दूर सारतात व एकेकटे तरंगत राहतात. निवळींतील चिकट द्रव्य त्यांना एकमेकांशीं जोडतें. त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके लवकर खालीं बसतात. किती लवकर, ह्याचा नियम जॉर्ज स्टोक्स ह्यानें १८५१ सालीं दिला. लहान कणाचा पाण्यांत बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; व्यास दुप्पट झाला कीं वेग चौपट होतो. स्थिर पाण्यांत एक मीटर खालीं जाण्यास एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या वाळूच्या कणास दोन मिनिटें लागतात. त्याच्या दशांश व्यासाच्या कणास सुमारें तीन तास. आणि त्याच्याही दशांश व्यासाच्या कणास तेराएक दिवस. घागरीच्या तळाशीं बसलेला साका, नदीकांठचा पोयटा, पूर ओसरल्यावर शेतांत राहिलेली मळई, आणि पात्रांतील वाळू, असे निरनिराळे शब्द आपल्या भाषेनें राखले आहेत ते ह्या भेदावरच उभे आहेत. गुऱ्हाळांत उसाच्या उकळत्या रसांत भेंडीचा चिकट रस घालतात, त्याचें कारणही हेंच. भेद एवढाच कीं तेथें पुंजके खालीं न बसतां हवेच्या बुडबुड्यांबरोबर वर येतात आणि गुळव्या ती मळी झाऱ्यानें काढून टाकतो.

केवळ घागरींतच नव्हे, तर नगराच्या पाणीपुरवठ्यांतही आपल्या लोकांनीं हें ज्ञान उपयोगांत आणिलें होतें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजहून पुण्यास पाणी आणण्यांत आलें. तेथें एकाखालीं एक असे दोन तलाव आहेत. डोंगरावरून येणारें गढूळ पाणी वरच्या तलावांत थबकतें, तेथें जड गाळ बसतो, आणि वरचें निवळलेलें पाणी खालच्या तलावांत उतरतें. तेथून निघालेल्या भुयारी नळावर जागोजागीं उच्छ्वास बांधले आहेत. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते, आणि नळांत उतरून सांचलेला गाळ काढण्याची सोय होते. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद, येथें आणिलेल्या नहरीवरही हवा सुटण्यासाठीं उंच खांब बांधलेले दिसतात. पाणी, हवा व गाळ ह्या तिहींचा एकत्र विचार केल्यावांचून अशीं कामें उभीं राहत नाहींत. सूत्र कागदावर मांडलेलें नव्हतें; पण चुन्या-दगडांत तें मांडलेलें आहे.

२. नीरेचे दोन कालवे

नीरा नदी भोरच्या डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन नीरा-नरसिंहपूर येथें भीमेस मिळते. तिच्या उगमाकडे पाऊस धो धो पडतो. फलटणास तो वीस इंचांच्या आगेमागेच पडतो. डोंगरांतील पाणी ह्या कोरड्या मुलखांत आणावें, ही कल्पना १८७६-७७ च्या दुष्काळानें निकडीची केली. त्यांतून प्रथम डावा कालवा झाला. वीर येथें नदीवर बंधारा घालून १८८५ सालीं त्यांतून पाणी सुटलें, आणि त्या कालव्यास उन्हाळ्यांत पाणी पुरावें म्हणून भाटघर येथें वेळवंडी नदीवर धरण बांधून सांठा करण्यांत आला. हा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांकडे जातो. फलटण संस्थान नदीच्या उजव्या हातास. त्यामुळें सुमारें चाळीस वर्षें फलटणच्या रयतेनें नदीपलीकडील बागाईत नुसतें डोळ्यांनीं पाहिलें.

जुन्या धरणाच्या पुढें नवें, अधिक उंच धरण उभें राहिलें तें १९२८ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे शके १८५० मध्यें. लांबी एका मैलाहून थोडी अधिक आणि उंची सुमारें १९० फूट. त्यास त्या वेळीं मुंबईचे माजी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांचें नांव दिलें गेलें. आज त्या जलाशयास शिवकालीन वीर येसाजी कंक ह्यांचें नांव आहे. ह्या वाढलेल्या सांठ्यावर उजवा कालवा चालतो. तो शंभर मैलांहून लांब असून खंडाळा, फलटण व माळशिरस ह्या भागांतून जातो. श्रीमंत मालोजीराव ऊर्फ नानासाहेब नाईक निंबाळकर ह्यांच्या कारकीर्दींत फलटण संस्थानांत ऊस आला, साखरेचा कारखाना आला, आणि साखरवाडी हें नवें नांव नकाशावर आलें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. कालवा मात्र तसाच वाहत राहिला.

ह्या पाण्यांतील गाळाची गति मोठी मनोरंजक आहे. धरणाच्या शांत जलाशयांत जड कण बसतात आणि दारांतून निवळलेलें पाणी सुटतें. पण भाटघरपासून वीरपर्यंत तें पाणी नदीच्या नैसर्गिक पात्रांतून येतें, आणि पावसाळ्यांत वाटेवरील ओढेनाले त्यांत लाल व काळी माती ओततात. कालव्याच्या मुखाशीं वेग मंदावला कीं वाळू पहिल्या कांहीं मैलांतच बसते. पोयटा दूरपर्यंत जातो. अतिसूक्ष्म माती तर चारीच्या शेवटच्या शेतांत जाऊन पडते. शेतकऱ्यास गढूळ पाणी आवडतें, कारण त्याबरोबर खत येतें. कालव्याच्या अंमलदारास तें आवडत नाहीं, कारण त्यानें पात्र उथळ होतें. शिवाय अगदीं निवळ पाणीही निर्दोष नसतें. सूक्ष्म गाळ तळाच्या फटी लिंपून टाकतो, तो नसेल तर पाझर वाढतो. पाझराचें फळ डाव्या कालव्यावर लवकर दिसलें. कित्येक चांगल्या जमिनी चिबडल्या व खारवट झाल्या. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनीं १८९९ च्या सुमारास नीरेवर ठराविक तुकड्यांत पाळीपाळीनें पाणी देण्याची पद्धति सुरू केली, तिचा एक हेतु पाण्याच्या उधळपट्टीस आळा घालणें हाच होता.

३. खडकवासल्याच्या प्रतिकृति

नीरेसारख्या दख्खनी कालव्यांच्या अशाच अडचणींतून १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठीं एक खास शाखा उघडली. तिचे प्रमुख क्लॉड इंग्लिस. हे १९०६ सालीं हिंदुस्थानांत आले व पुढें चाळीस वर्षें त्यांनीं येथील नद्या व कालवे ह्यांचाच अभ्यास केला. ह्या शाखेचें काम पुढें खडकवासल्यास गेलें, आणि १९३६-३७ च्या सुमारास ती हिंदुस्थान सरकारच्या ताब्यांत जाऊन मध्यवर्ती संस्था झाली. आजचें केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन केंद्र तें हेंच. धरणाचें पाणी उतारानें सहज मिळत असल्यामुळें तेथें उघड्या मैदानांत नद्यांच्या मोठमोठ्या प्रतिकृति वाहत्या ठेवतां आल्या.

प्रतिकृतीची कल्पना युरोपांतली. फार्ग नांवाच्या फ्रेंच स्थापत्यविशारदानें १८७५ सालीं गारोन नदीची, आणि ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्यानें १८८५ सालीं इंग्लंडांतील मर्सीच्या मुखाची, लहान प्रतिकृति करून तिच्यांत वाळू कशी हलते तें पाहिलें होतें. ह्या कामांत एक मोठी अडचण आहे. नदीची लांबी-रुंदी शंभर पटीनें लहान करतां येते. वाळूचा कण करतां येत नाहीं. एक पंचमांश मिलिमीटरचा कण शंभर पटीनें लहान केला तर ती वाळू उरत नाहीं, चिकण माती होते, आणि ती सर्वस्वीं निराळी वागते. म्हणून प्रतिकृतींत उभें प्रमाण आडव्याहून मोठें धरावें लागतें, किंवा वाळूच्या ठिकाणीं हलकें द्रव्य वापरावें लागतें, आणि पुन्हां पुन्हां करून पाहावें लागतें.

तरीही ह्या रीतीनें केवढें काम होऊं शकतें ह्याचें उदाहरण सिंधमधील सक्कर येथें मिळालें. तेथील सिंधु नदीवरील बंधाऱ्यासही लॉइड साहेबांचेंच नांव होतें, आणि सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच होता; तेव्हां भाटघर व सक्कर हीं एका अर्थीं भावंडेंच. हा बंधारा १९३२ सालीं सुरू झाला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या उजव्या तीरावरील कालवे वाळूनें भरूं लागले. खडकवासल्यास प्रतिकृति करून पाहतां कारण स्पष्ट झालें. वळणावर पृष्ठाचें वेगवान् पाणी बाहेरच्या कांठाकडे फेंकलें जातें आणि तळाचें मंद, वाळूनें लादलेलें पाणी आंतल्या बाजूस वळतें. कालव्याचें मुख आंतल्या बाजूस सांपडलें तर सगळी वाळू त्याच्याच वांट्यास येते. म्हणून पाणी वांकड्या वाटेनें आणून कालव्यांची मुखें वळणाच्या बाहेरच्या कांठास येतील अशी योजना प्रतिकृतीवरून ठरली, आणि १९४० च्या आगेमागे ती सक्करास प्रत्यक्ष बांधलीही गेली. इंग्लिस ह्यांनीं हे सर्व अनुभव १९४९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी द. वि. जोगळेकर ह्यांनीं नद्यांच्या वर्तनावर व नियमनावर लिहिलेला ग्रंथ १९५६ सालीं निघाला.

४. संगणकावरील नदी

आतां मैदानांतील प्रतिकृतीबरोबर संगणकांतील प्रतिकृतीही करतात. तिचें गणित थोडक्यांत असें. पाण्याचा सर्व विस्तार लहान लहान कोठड्यांत विभागतात आणि प्रत्येक कोठडींतील वेग व दाब नाव्हिए (१८२२) व स्टोक्स (१८४५) ह्यांच्या समीकरणांनीं क्षणाक्षणाला काढतात. पाण्यावर हवा आहे, तिची व पाण्याची सीमा कोठें आहे हें ठरविण्यासाठीं प्रत्येक कोठडीचा कितवा अंश पाण्यानें भरला आहे तें मोजतात. ही युक्ति हर्ट व निकोल्स ह्यांनीं १९८१ सालीं मांडली. घन कणांचा हिशेब निराळा. एकेका कणाच्या पाठोपाठ जाऊन त्याच्यावर वजन, पाण्याचा उत्प्लव, आणि ओढ हीं बलें किती लागतात तें पाहतात व त्याचें पुढलें स्थान काढतात. कण थोडे असले तर ते पाण्याच्या मागून निमूटपणें जातात. ते पुष्कळ झाले कीं पाण्यालाच मागें ओढतात. आणखी दाटले कीं परस्परांवर आदळतात. ह्या आदळण्याचा हिशेब करण्याची रीत कंडाल व स्ट्रॅक ह्यांनीं १९७९ सालीं दिली.

संख्येचा विचार केला म्हणजे ह्या कामाचा पसारा कळतो. एका घनमीटर पाण्यांत अवघा एक किलोग्रॅम गाळ आहे आणि प्रत्येक कण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा आहे असें धरलें, तर त्या एका घनमीटरांत कणांची संख्या पावणेसहाशें कोटींहून अधिक होते. सगळे कण मोजणें कोणत्याही यंत्रास शक्य नाहीं. म्हणून गणितांतील एक कण हा खऱ्या हजारों-लाखों कणांचा प्रतिनिधि मानतात. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या प्रगत संगणन केंद्रानें १९९१ सालीं परम हा महासंगणक सिद्ध केला. तेव्हांपासून असें गणित करण्याची साधनें आपल्या देशांतही वाढत गेलीं आहेत.

ह्या गणितांतील एक गोष्ट इतिहासाच्या वाचकांस अवश्य सांगितली पाहिजे. कणावरील बलांचें जें पूर्ण समीकरण मॅक्सी व रायली ह्यांनीं १९८३ सालीं व्यवस्थित मांडलें, त्यांत बुसिनेस्क (१८८५) व बासे (१८८८) ह्यांनीं शोधलेलें एक पद आहे. त्याचें नांवच इतिहास-बल. कणावर ह्या क्षणीं लागणारें बल केवळ त्याच्या आजच्या वेगावर अवलंबून नसतें. तो आरंभापासून कसकसा वेग बदलीत आला, त्या सर्व वृत्ताचा त्यांत अंश असतो. पुष्कळ वेळां हिशेब करणारे हें पद सोडून देतात, कारण प्रत्येक कणाचा सगळा भूतकाळ जवळ बाळगणें यंत्रासही जड जातें. भूतकाळ बाळगणें जड जातें म्हणून तो सोडून द्यावा, हा मोह दप्तरखान्यांतील मंडळींसही अपरिचित नाहीं.

५. बखर आणि साक्ष

मैदानांतील असो वा संगणकांतील असो, प्रतिकृतीनें भविष्य सांगण्यापूर्वीं तिच्याकडून भूतकाळ वदवून घेतात. समजा, एका कालव्याच्या तळाची मोजणी पूर्वीं एकदां झाली होती आणि पांच वर्षांनीं पुन्हां झाली. पहिल्या मोजणीचा तळ प्रतिकृतींत घालावयाचा, मधल्या पांच वर्षांचें पाणी तिच्यांतून सोडावयाचें, आणि शेवटीं दुसऱ्या मोजणीचा तळ तिच्यांत आपोआप उमटतो कीं नाहीं तें पाहावयाचें. उमटला तर तिच्या पुढील बोलण्यावर विश्वास ठेवावयाचा; न उमटला तर ओढीचे व घर्षणाचे अंक सुधारून पुन्हां आरंभ करावयाचा. इंग्लिसांच्या काळीं हें जितकें आवश्यक होतें तितकेंच आजही आहे; किंबहुना आज तें अधिक आहे. संगणक जें चित्र काढतो तें रंगीत, सलग व मोहक असतें, आणि चूक असतांनाही तितकेंच मोहक दिसतें.

इतिहाससंशोधकांस ह्यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. बखर ओघवती असते, तींतील प्रसंग एकमेकांत चपखल बसतात, आणि नेमकें म्हणूनच तिच्यावर एकटीवर विसंबतां येत नाहीं. तिला समकालीन पत्राचा, हिशेबाच्या तावाचा, तारखेच्या यादीचा आधार लागतो. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून आपल्या मंडळींचा हाच आग्रह आहे. संगणकांतील नदी ही ह्या अर्थानें एक बखर आहे. तिचें समकालीन पत्र म्हणजे कालव्याचें दप्तर.

त्या दप्तरांत काय काय असतें? मुखावरील पाणपातळीची रोजची नोंद, कोणत्या दिवशीं कोणतें दार किती उघडलें तें, शेजपाळीचे तक्ते, फुटलेल्या भरावाच्या व तुंबलेल्या मोऱ्यांच्या वर्दी, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे गाळ काढल्याचे हजेरीपट व मोजमापाच्या वह्या. गाळ ब्रासांत मोजतात आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. समजा, एखाद्या वहींत लागोपाठच्या दोन मैलदगडांच्या दरम्यान तीनशें ब्रास गाळ काढल्याची नोंद आहे आणि तेथें कालव्याचा तळ तीस फूट रुंद आहे. तीनशें ब्रास म्हणजे तीस हजार घनफूट. तो एक मैल लांब व तीस फूट रुंद तळावर सारखा पसरला तर सुमारें सव्वादोन इंचांचा थर होतो. मजुरी चुकती करण्यासाठीं कारकुनानें लिहिलेला हा आंकडा, त्याच्या ध्यानींमनीं नसतां, त्या वर्षीं त्या मैलांत किती गाळ बसला ह्याचें मापन होऊन राहिला आहे. अशा वह्यांची पंचवीस-तीस वर्षांची सलग मालिका सांपडली, तर कोणत्या मैलांत वाळू बसते, कोणत्या पुरानें ती अधिक बसली, वरच्या अंगास नवें धरण झाल्यावर ती किती घटली, हें सर्व तींतून निघूं शकतें. १९६० नंतरच्या दशकांत वीर येथें मोठें धरण झालें, आणि नंतर नीरेच्या वरच्या अंगासही देवघरचें धरण झालें. धरणापूर्वींची गाळाची गति आतां नदींत पाहावयास मिळणार नाहीं. ती पाहावयाची तर कागदांतच पाहिली पाहिजे.

ह्या साक्षीची उलटतपासणी मात्र इतर कागदांप्रमाणेंच कठोरपणें केली पाहिजे. गाळाच्या नांवाखालीं ढासळलेल्या कांठाची माती व उपटलेलें शेवाळही मोजलेलें असूं शकतें. मोजमाप फुगविण्याचा मोह मोजणाऱ्यास किंवा कंत्राटदारास झालेला असूं शकतो. म्हणून ब्रासांचा आंकडा हजेरीपटावरील मजुरांच्या दिवसांशीं ताडावा, आणि एका मैलाचा आंकडा शेजारच्या मैलांशीं. वर्ष कोणतें धरलें आहे, महसुली कीं इंग्रजी, हें आधीं ठरवावें. नाहीं तर एका पावसाळ्याचा गाळ दुसऱ्याच्या माथीं बसेल. मैलदगडाचा आरंभ कोठून मोजला आहे हेंही पाहावें. ज्यांनीं आजवर फसली सन व शुहूर सन ह्यांचे मेळ घातले त्यांना हें काम अवघड नाहीं.

६. संग्राहकांस विनंति

आतां अडचण कोठें आहे तें सांगतों. स्थापत्यशास्त्र जाणणारा तरुण ह्या वह्या वाचूं शकत नाहीं, कारण संस्थानकाळांतील पुष्कळसें लिखाण मोडींत आहे आणि मोडी व्यवहारांतून केव्हांच गेली. मोडी जाणणारा आपल्यासारखा मनुष्य ह्या वह्यांकडे वळत नाहीं, कारण तींत लढाई नाहीं, तह नाहीं, वतनाचा तंटाही नाहीं. दोघांच्या मध्यें कागद पडून राहतो. आणि पडून राहिलेल्या कागदाची वाट वाळवीकडे किंवा रद्दीवाल्याकडे जाते. नीरेचा कालवा दोन राजवटींच्या हद्दींतून गेला: भाटघर भोर संस्थानांत, पुढील पुष्कळ मैल फलटण संस्थानांत. जमीन गेल्याचा मोबदला, पाण्याचा वांटा, पाणीपट्टी, रस्ते व पूल ह्यांविषयीं इंग्रज सरकार व संस्थानें ह्यांच्यांत लिहिणें होणें अटळ होतें. असे कागद सरकारी दप्तरांत असतील तितकेच ते जुन्या कारभाऱ्यांच्या, कारकुनांच्या व पाटकऱ्यांच्या घरांतही असूं शकतात. तेथें ते कोणी मौल्यवान् म्हणून ठेवलेले नसतात. टाकावयाचे राहिले म्हणून राहिलेले असतात.

तेव्हां फलटण, लोणंद, खंडाळा, माळशिरस व पलीकडे बारामती ह्या भागांत जे संग्राहक हिंडतात त्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, एखाद्या वाड्यांतील पेटी उघडतां सनदेखालीं गाळाची वही निघाली तर ती बाजूस टाकूं नये. तिच्यावरील वर्ष, मैल व कामाचें नांव टिपून घ्यावें. पानांचा क्रम मोडूं नये. समासांतील टीप, पुसलेला आंकडा, निराळ्या शाईची दुरुस्ती हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, कारण मोजणाऱ्याचा खरा आंकडा कित्येकदां पुसलेल्याखालींच असतो. एकच वही सांपडली तरी ती ठेवावी. तिच्या पुढची दुसऱ्या घरीं मिळूं शकते. आणि मोडीचें बालबोध करतांना आंकडे रुपयांत व फुटांत बदलून न टाकतां मूळचेच ठेवावे. रूपान्तर करावयाचें तें शेजारीं करावें.

कालव्यांत गाळ किती बसेल, धरण किती वर्षें पुरेल, शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोंचेल कीं नाहीं, हे प्रश्न नीरेच्या दोन्ही तीरांवर आज जिवंत आहेत, आणि त्यांचीं उत्तरें पुढें बरीचशीं संगणकावरच काढलीं जातील. तीं उत्तरें खरीं कीं खोटीं हें ठरविण्यास साक्षीदार लागेल. फलटणच्या एखाद्या माळ्यावर तो बासनांत बांधलेला असेल, तर त्यास बोलतें करणारा मोडीवाचक आमच्या वाचकांतूनच निघाला पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची यादी करून ती प्रसिद्ध करावी, म्हणजे पुढील मेळ घालण्याच्या कामास आरंभ होईल.